यंत्र लावायचं कुठं

दिपाली मेटकरीला सोलापुरात नावानं फारसं कुणी ओळखत नाही, पण तिचं लिखाण शहरभर भिंतींना टांगलेलं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांमध्ये मागाशेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात जो कागद लटकतो, 'धागा तुटला तर आधी लाल बटण, मग हात' असं सांगणारा, तो तिचा. घरगुती गिरणीच्या झाकणावर 'ओले गहू घालू नयेत, शेजारणीनं सांगितलं तरीही' असं छापलंय, तेही तिचंच. या लिखाणाला कुणी पुरस्कार देत नाही. पण ते वाचणाऱ्यांची बोटं जागेवर राहतात, आणि इतकं तर पुष्कळ पुरस्कारवाल्यांच्या लिखाणालाही जमत नाही.

ती मूळची सांगोल्याकडची, लग्नानंतरही माहेरचंच नाव लावणारी. वडील बिरप्पा मेंढरं आणि शेळ्या राखून म्हातारे झाले. घराण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा करणारी ती पहिली, आणि छापील कागदावर नाव येणारीही पहिलीच. माग विकणाऱ्या एका एजन्सीत ती नोकरीला आहे. परदेशी यंत्राबरोबर जे इंग्रजी येतं ते वाचायचं आणि रात्रपाळीच्या कामगाराला डुलकी आली असतानाही कळेल अशा मराठीत उतरवायचं, हे तिचं काम. उरलेल्या वेळात ती बाहेरच्या कंपन्यांसाठीही लिहिते.

कामाची तिची पद्धत ठरलेली. यंत्र स्वतः चालवल्याशिवाय त्याच्यावर ओळ लिहायची नाही. लिहून झालं की ते यंत्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा आणि आपण हात पाठीमागं बांधून गप्प उभं राहायचं. त्या माणसानं एक जरी प्रश्न विचारला, तरी कागद नापास. "बटण दाबा" असं लिहिल्यावर एका कामगारानं "दाबून सोडू, का धरून ठेवू?" असं विचारलं, तेव्हा तिनं अख्खा कागद पुन्हा लिहिला होता. एजन्सीचे मालक म्हणाले, "अगं, एवढं तर कुणालाही कळतं." ती म्हणाली, "त्याला नाही कळलं."

शेळीचं दूध काढायच्या यंत्राचा कागद तिनं असाच केला. सांगोल्याला जाऊन, वडिलांच्या शेळ्यांवर ते यंत्र चालवून. हवेचा दाब कमी करून ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं, असं ते यंत्र. कंपनीनं खूश होऊन कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं – 'मराठी मार्गदर्शन : दिपाली बिरप्पा मेटकरी'. बिरप्पानं तो कागद फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात नेला आणि गल्ल्याच्या मागं भिंतीला लावला. तेव्हापासून लेकीचा प्रत्येक कागद तिथं लागतो. कुणीतरी मोठ्यानं वाचतं, आणि सगळ्यात शेवटी बिरप्पाचं नाव येतं. ते आलं की बिरप्पा सगळ्यांना चहा सांगतो.

या शेळीच्या कागदानंच पुढचं सगळं घडवून आणलं.

पुण्यातल्या एका कंपनीला मराठीत लिहिणारं माणूस हवं होतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचा अनुभव हवा, अशी अट होती. शोधता शोधता महाराष्ट्रात असा अनुभव छापील स्वरूपात असलेली एकच बाई त्यांना सापडली. कंपनीकडून अनीश नावाच्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट थोडं सेन्सिटिव्ह आहे," तो म्हणाला.

"पडलं तर फुटतं का?"

"नाही, तसं नाही. विषय सेन्सिटिव्ह आहे. महिलांचं पर्सनल वेलनेस."

"बीपी मोजायचं आहे का?"

"त्याच्या जरा... म्हणजे, बॉक्स पाठवतो मॅडम. पाहिलं की लक्षात येईल."

एक लिहिण्यासाठी, एक तपासण्यासाठी, असे दोन बॉक्स आले. आत आंब्याच्या कोयीएवढं, गुलाबी, मऊ रबरासारखं यंत्र. एका टोकाला छोटं गोल तोंड, पाठीवर दोन बटणं. बॉक्सवर नाव होतं 'मृदुला'. सोबत कंपनीचं गुळगुळीत इंग्रजी पुस्तक. त्यात पानापानावर कमळं होती. स्वतःच्या आतल्या चंद्राला साद घाला, श्वासाच्या लाटेवर स्वार व्हा, असं बरंच काही होतं. दिपालीनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग उलट बाजूनं वाचलं. मग अनीशला फोन लावला.

"हे यंत्र लावायचं कुठं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लावल्याचा आवाज आला.

"मॅडम, ते कस्टमरला माहीत असतं."

"माहीत असतं तर नवशिक्या बायकांसाठी कागद कशाला काढताय?"

"आपण 'हव्या त्या ठिकाणी' असं लिहू या. डिसेंट वाटतं."

"शेळीच्या यंत्रावर मी 'हव्या त्या ठिकाणी' लिहिलं असतं, तर शेळीनं लाथ घातली असती."

"मॅडम, हा वेगळा सेगमेंट आहे," अनीश म्हणाला, आणि त्याला दुसरी मीटिंग लागली.

ठिकाण कुठलं हे दिपालीला बॉक्स उघडताना कळलं होतं. तिचा प्रश्न तिच्यापुरता नव्हता, कागदापुरता होता. तरी सरकारी परिभाषाकोशात तिनं शब्द शोधला. 'शिश्निका' असा मिळाला. पुरुषाच्या अवयवाचं नाव घ्यायचं आणि त्याचं बारकं रूप बाईला द्यायचं, म्हणजे तिच्या मते कपाटावरून कपाटुली करण्यासारखं होतं. तिनं कागदावर 'क्लिटोरिस (शिश्निका)' असं लिहून ठेवलं आणि यंत्र चार्जिंगला लावलं.

तिचा नवरा बिरुदेव रेल्वेत, होटगी जंक्शनला सिग्नल खात्यात. त्या दिवशी त्याची दिवसपाळी होती आणि तिला सुट्टी. भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये दुपारी कुणी येत नाही. नियम म्हणजे नियम. यंत्र चालवल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

पहिल्या खेपेला तिनं अनुभवावर भरवसा ठेवला, आणि तोच नडला. शेळीच्या यंत्राचा कप घट्ट बसवायचा असतो, हवा सुटता कामा नये. तिनं तसंच केलं, आणि वेळ वाचावा म्हणून वेग सरळ मधला ठेवला. शेळी लाथ का घालते, हे तिला त्या क्षणी आतून कळलं.

ती उठून बसली, पाणी प्याली आणि यंत्राचं तोंड तळहातावर धरून नीट बघू लागली. मग तिच्या लक्षात आलं की हे यंत्र ओढून धरतच नाही. आतला पडदा थरथरतो, हवेच्या बारीक लाटा तेवढ्या उठतात. कड नुसती भोवती टेकवायची. दाबलं तर लाटेला जागा उरत नाही. वेग सगळ्यात खालचा. कोरडं लावायचं नाही, पाण्यात विरघळणारं जेल आधी लावायचं. ती पुन्हा आडवी झाली.

खालून भंगारवाला ओरडत गेला. तो गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला, तरी ती तशीच पडून होती. आधी तिला हसू आलं. मग राग आला. गिअरबॉक्सच्या आतला प्रत्येक दात ती डोळे मिटून सांगू शकत होती. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती. आणि जन्मल्यापासून जे आपल्याबरोबर आहे, त्याच्याबद्दल एक कागद कुणी हातात दिला नव्हता. पोरवयात आईनं सांगितलं होतं ते कापडाचं, डागाचं आणि कुठं शिवायचं नाही त्याचं. कशासाठी काय आहे, ते कुणीच नाही.

तिनं कागद ओढला आणि लिहायला घेतला.

'पहिल्यांदा वापरण्याआधी पूर्ण चार्ज करा, दोन तास लागतात. कोमट पाणी आणि साध्या साबणानं यंत्राचं तोंड धुवा. दार लावा, घाई नसलेली वेळ निवडा. पाण्यात विरघळणारं जेल लावा. सिलिकॉनचं जेल नको, यंत्राचं रबर खराब होतं. यंत्राचं तोंड क्लिटोरिसभोवती (शिश्निका, योनीच्या वरच्या बाजूला, वाटाण्याएवढा उंचवटा) अलगद टेकवा. दाबू नका. सगळ्यात कमी वेगानं सुरू करा. बरं वाटेना तर केसभर सरकवा. वेग वाढवण्याआधी जागा बदलून बघा. दुखलं किंवा बधिर वाटलं तर थांबा. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही तर यंत्र बिघडलेलं नाही आणि तुम्हीही नाही. वापरून झालं की धुऊन, पुसून, कोरडं करून ठेवा. एकमेकींत वापरू नये.'

संध्याकाळी बिरुदेवनं जेवता जेवता तो वाचला. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलेला, तो तसाच राहिला.

"हे हितं असतंय व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं होतं..."

"तुमाला काय वाटलं होतं ते मला दहा वर्सं म्हायती हाय."

बिरुदेवनं तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. माणूस मनानं वाईट नव्हता. सिग्नल खात्यातला असल्यामुळे चुकीच्या जागी खटका ओढला तर गाडी कुठं जाते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्याची अडचण निराळीच होती.

"कागद चांगला हाय," तो म्हणाला. "बाकी काय बी ठेव. नाव तेवढं काढ."

"का?"

"का काय? खाली तुज्या आबांचं नाव येतंय. आबा ते हाटेलात लावत्यात. समदी मानसं चहा पीत बसल्याली असत्यात तितं."

दिपालीनं त्याच्या पुढ्यातला कागद उचलून घेतला. तिनं हा विचार दुपारभर टाळला होता. अनीशला नाव चालत होतं, पण जागा नको होती. बिरुदेवला जागा चालत होती, पण नाव नको होतं. आणि तिला कागदावर दोन्ही हवं होतं.

नावाचं नंतर बघू म्हणून ती परीक्षेच्या तयारीला लागली. यंत्र कधी न पाहिलेली, मराठी वाचता येणारी आणि प्रश्न विचारायला न लाजणारी बाई हवी. भिशीतल्या बायकांचा तिनं विचार केला. त्यांनी प्रश्न विचारले असते, पण ते सगळ्या पेठेला ऐकू गेले असते. शेवटी ती समोरच्या दारात गेली.

शकुंतलाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परगावी. दिपालीचे कागद त्या नेहमी तपासून देत, लाल पेनानं, गुण घालून. गिरणीच्या कागदाला त्यांनी पंचवीसपैकी एकोणीस दिले होते.

"या वेळी काय आणलंस? मिक्सर?" त्यांनी चष्मा लावला. वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"भाषा बरी आहे," त्या म्हणाल्या. "मी वाचून गुण देते."

"नुसतं वाचून नाही बाई. चालवून."

"दिपाली, मी बासष्ट वर्षांची आहे."

"वयाची अट कागदावर कुठं आहे?"

बाईंनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. "नाही खरी," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "प्रजननाचा धडा मी दरवर्षी शिकवला हं. एकही वर्ष चुकवलं नाही."

"कसा शिकवला?"

"'घरी वाचून या' असं सांगून."

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. हात पाठीमागं बांधून समोर उभं राहणं या खेपेला शक्य नव्हतं. म्हणून बाई आत, दाराला कडी, आणि दिपाली बाहेर जिन्याच्या पायरीवर वही घेऊन, अशी व्यवस्था झाली. प्रश्न पडला तर दारातून विचारायचा.

थोड्याच वेळात पहिला प्रश्न आला. आवाज वर्गात शिकवतानाचाच होता.

"दिपाली, 'योनीच्या वरच्या बाजूला' लिहिलं आहेस. वर म्हणजे उभं राहिल्यावर वर, का आडवं झाल्यावर वर?"

दिपालीनं कपाळाला हात लावला. दिशा कुठून मोजायची हे न सांगता 'वर' लिहिणं, ही पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाची चूक. तिनं उत्तर दिलं आणि वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वच्छलाकाकू शेंगाचटणीचा डबा घेऊन वर आल्या. चटणी विकणं हा त्यांचा धंदा आणि कुणाकडे काय चाललंय हे बघणं हा छंद.

"इथं का बसलीयस गं?"

दिपालीनं एकवार विचार केला की गिरणी म्हणावं. पण आयुष्यात तिनं चुकीची माहिती दिली नव्हती. तिनं काकूंना खरं काय ते सांगितलं, थोडक्यात.

वच्छलाकाकूंनी डबा पायरीवर ठेवला आणि पदर सावरून तिच्या शेजारी बसल्या. "मग मी पण थांबते की. बाईंना काही लागलं-सवरलं तर."

"'वाटाण्याएवढा' लिहिलं आहेस," आतून आवाज आला. "मला काही वाटाणा लागत नाही."

"ताई, मसूर धरा," वच्छलाकाकू दाराकडे तोंड करून म्हणाल्या.

आत खाट करकरली. "बाहेर कोण आहे?"

"मीच की. चटणी आणलीय. तुमचं चालू द्या."

बाईंनी आणखी काही प्रश्न विचारले. जेल नखाएवढं की चमचाभर. तोंड टेकवताना वरची कातडी बाजूला घ्यायची की तशीच राहू द्यायची. दिपालीचा कागद नापासावर नापास होत गेला. मग प्रश्न थांबले.

"बोलंनात झाल्या," वच्छलाकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या.

"चाललंय बहुतेक."

"बऱ्या हायती ना पण त्या?"

"बऱ्या नसत्या तर बोलल्या असत्या."

काकूंनी ते मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि त्यांना ते पटलं. डब्याचं झाकण काढून त्यांनी दिपालीच्या तळहातावर चिमूटभर चटणी दिली, आणि दोघी चटणी चाखत बसल्या.

दार उघडलं तेव्हा शकुंतलाबाईंनी केस नीट बांधले होते आणि हातात लाल पेन होतं. चेहरा मात्र शाळेच्या सहलीहून परत आलेल्या मुलीचा होता.

"पंचवीसपैकी अकरा," त्या म्हणाल्या. "यंत्राला पंचवीसपैकी पंचवीस. तुझ्या कागदाला अकरा. शब्दांनी हे होणार नाही, दिपाली. आकृती काढ. नावं दिलेली, स्वच्छ आकृती. मी नेहमी सांगायचे, आकृतीला वेगळे गुण असतात."

"ते यंत्र जरा मला दावा की, ताई," वच्छलाकाकू म्हणाल्या.

"दाखवते. वापरायला देणार नाही. एकमेकींत वापरू नये, असं कागदावर स्पष्ट लिहिलं आहे. त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिले."

दिपालीनं आकृती काढली. कारखान्यात यंत्राच्या भागांची काढतात तशीच काढली, कारण तिला दुसरी येत नव्हती. समोरून दिसणारी एक, बाजूनं छेद घेऊन एक. मध्यरेषा तुटक. छेदाच्या भागावर तिरक्या बारीक रेघा. बाणांवर अक्षरं : अ, ब, क, ड. यंत्राला जे लागत नाही ते आकृतीत काढायचं नाही, असं तिला शिकवलेलं. म्हणून मांड्या नाहीत, केस नाहीत, लाजणारी नजर नाही, कमळ तर नाहीच. ही आकृती दाखवल्यावर शकुंतलाबाईंनी काही विचारलं नाही. वच्छलाकाकूंनीही नाही, त्यांनी फक्त 'क'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "असं हाय होय ते."

सगळं पुण्याला गेलं. कंपनीत मजकूर पास करणारी समिती होती. तिचा निकाल सांगायला अनीशचा फोन आला तो एकदम उत्साहात.

"मॅडम, समितीला ड्रॉइंग प्रचंड आवडलं. म्हणाले, मशीनचा इंटर्नल व्ह्यू इतका क्लिअर कुठल्याच भाषेत आलेला नाही."

दिपाली बोलायला निघाली होती, ती थांबली.

"कशाचा व्ह्यू?"

"मशीनचा. ते आतले पार्ट्स, अ, ब, क, ड. व्हॉल्व्ह वगैरे असेल ना ते? एकदम प्रोफेशनल वाटतंय. फक्त मॅडम, ते दोन शब्द आणि योनीचा उल्लेख काढावा लागला. ब्रँडच्या दृष्टीनं. आता वाक्य असं आहे – 'यंत्राचं तोंड भाग क भोवती अलगद टेकवा.' चालेल ना?"

"समितीत कोण कोण असतं हो?"

"पाच जण. तीन एमबीए, एक वकील, एक डॉक्टर."

"कशाचे डॉक्टर?"

"मार्केटिंगचे."

"लग्नं झालेली आहेत?"

"सगळ्यांची. का मॅडम?"

"सहज विचारलं. आकृतीत काही बदल करू नका मात्र. एक रेघसुद्धा."

"छे छे, समितीनं सह्या केल्यात. आणि मॅडम, नाव ठेवायचं का तुमचं? बाकीच्या भाषांतल्या रायटर्सनी काढायला लावलं."

बिरुदेव समोर बसून पायाला तेल चोळत होता. फोनमधला आवाज त्याला ऐकू येत होता. त्यानं दिपालीकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली, पण अगदी थोडी.

दिपालीला हॉटेलची भिंत दिसत होती. तिथं बसणारी माणसं दिसत होती, आणि शेवटच्या ओळीची वाट बघणारे आबा. नाव काढलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण नाव काढायचं तर कशासाठी? जे खरं आहे, चालवून पाहिलंय, एका बाईनं दारामागून तपासलंय, त्याच्या खाली सही करायची लाज वाटली, असं होईल. मग तो कागद आणि कमळांचं पुस्तक यांच्यात फरक तो काय उरला.

"ठेवा," ती म्हणाली. "पूर्ण छापा. दिपाली बिरप्पा मेटकरी."

बिरुदेवनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. "मी ह्या दिवाळीला सांगोल्याला येत न्हाय," तो म्हणाला.

छापील कागद आले. आबांचा फोन नेहमीसारखाच आला, नवीन काय छापलं म्हणून. न पाठवणं म्हणजे नाव काढण्यासारखंच होतं. दिपालीनं कपडे धुण्याच्या यंत्राच्या कागदाबरोबर हाही पाकिटात घातला आणि सांगोल्याच्या एसटीत एका ओळखीच्या कंडक्टरकडे दिला. मग तिचं कामात लक्ष लागेना. मागाच्या कागदावर तिनं 'आधी हात, मग लाल बटण' असं लिहिलं आणि वेळेवर लक्षात आलं म्हणून एक कामगार वाचला.

आबांचा फोन आला तो बाजाराच्या दिवशी. मागं शेळ्या ओरडत होत्या.

"पोरी, कागद मिळालं. धुण्याच्या यंत्राचा समद्यास्नी कळला. दुसरा कुनालाच कळंना बघ. मळेवाला बापूसाहेब म्हनतोय ठिबकचा फिल्टर हाय. हाटेलवाला म्हनतोय गाडीचं कार्बुरेटर. लई वाद चाललाय. काय हाय त्ये?"

दिपाली गॅलरीत आली. "आबा, तुमी भिताडाला लावलाय त्यो?"

"काल सकाळधरनं. गल्ल्याच्या मागं."

"आबा, ते बायकांचं यंत्र हाय."

"बायकांचं म्हंजी? पापडाचं?"

"न्हाय. बायकांच्या अंगाच्या सुखाचं. आन ते चित्र यंत्राचं न्हाय, बाईच्या अंगाचं हाय."

शेळ्या ओरडत राहिल्या. कुणीतरी त्यांना हाकलून लांब नेलं.

"खाली माजं नाव हाय," बिरप्पा म्हणाला.

"व्हय."

"मी काल समद्यास्नी चहा सांगितला."

"व्हय आबा."

मग म्हाताऱ्याचा आवाज आला, घसा खाकरून. "खरं लिवलंयस का पर समदं?"

"चालवून बघितल्याबिगर मी लिवत न्हाय, तुमाला म्हायती हाय की."

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तिनं गॅलरीचं दार मागून ओढून घेतलं.

"ह्ये घे," बिरप्पा घाईघाईनं म्हणाला. "तुज्या आयेशी बोल. मला तो कागद काढून आणाया जायचंय."

फोन या हातातून त्या हातात गेला. अंबुबाईचा श्वास ऐकू आला, आणि तिची चप्पल. ती फोन घेऊन घराच्या मागं चालली होती.

"गेलं का त्ये?" तिनं कुणाला तरी विचारलं, आणि मग फोनमध्ये म्हणाली, "जाऊ दे त्यास्नी. कागद मी कालच सांजच्याला काढून आणलाय. हितं चार बाया आल्यात. तुज्या वैनीनं वाचून दावला, चित्र समद्यांनी बघितलं."

"मग?" दिपालीनं विचारलं.

"मग काय. धनगराच्या बायका हाव आमी, चित्र बघून घाबरत न्हाय. येक सांग. चार्जिंगला दोन तास लागत्यात म्हनून लिवलंयस तू. हितली लाईट कवा येती, कवा जाती. मधीच गेली, तर पयल्यापासनं करायचं का?"

"न्हाय आई," दिपाली म्हणाली. "जेवढं भरलंय तेवढं ऱ्हातंय."

"मग ठीक हाय," अंबुबाई म्हणाली, आणि फोन कानापासून लांब धरून तिनं ते बाकीच्यांना सांगितलं.